लाकडाची नैसर्गिक हालचाल

या पानावर वर्षभर मी शब्दांच्या खोड्या काढत असते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. दिवाळी अंकात संपादक जागा जरा सैल सोडतात, तेव्हा यंदा एकाऐवजी तीन शब्द घ्यावे म्हणते. ते कोणत्या कवितेतले नाहीत, की बखरीतले नाहीत. स्वयंपाकघराची नवी कपाटे बसवली की त्यांच्याबरोबर एक गुळगुळीत हमीपत्र मिळते. त्याच्या मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, ते छापलेले असतात. लाकडाची नैसर्गिक हालचाल. ही हालचाल हमीत धरलेली नाही, एवढेच त्या कलमाचे म्हणणे.

मराठी शिकवणाऱ्या माणसाला यात प्रथम खटकते ती ‘हालचाल’. आपण पोलिसांच्या हालचाली म्हणतो, दिल्लीतल्या हालचाली म्हणतो. आजारी माणसाची हालचाल मंदावते. पण लाकडाची हालचाल कुणी मराठीत ऐकली आहे? आपल्याकडे लाकूड फुगते, आटते, वाकते, पिळवटते, तडकते. पाच निरनिराळ्या गोष्टींना पाच निरनिराळी क्रियापदे आहेत, आणि आषाढात ज्याने खांदा देऊन न्हाणीघराचे दार लावले आहे त्याला त्यांतला फरक शिकवावा लागत नाही. इंग्रजीने या पाचांची मोट एकाच शब्दात बांधली, आणि कुणा भाषांतरकाराने ती मोट जशीच्या तशी उचलून आपल्या ओट्यावर आणून ठेवली. तुम्ही म्हणाल, एवढे काय त्यात? शब्दच ना? पण या पाच क्रियापदांपैकी पहिली दोन एका जातीची आहेत आणि उरलेली तीन दुसऱ्या जातीची, आणि सगळे भांडण त्या दोन जातींमधले आहे. फुगलेले ओसरते. आटलेले भरून येते. पिळवटलेले मात्र बहुधा तसेच राहते, आणि तडकलेले तर राहतेच राहते.

दुसरा शब्द ‘नैसर्गिक’. नैसर्गिक म्हटले की आपले हात आपोआप जोडले जातात. निसर्गापुढे कुणाचे काय चालणार? परंतु पाऊसही नैसर्गिकच आहे, आणि छप्पर गळले तर आपण ढगांना जाब विचारत नाही.

हे सगळे मला सुचले ते गेल्या वर्षीच्या आषाढात. आम्ही गोरेगावला पश्चिमेस राहतो. शेजारचे काका बँकेतून निवृत्त झाले, तेव्हा काकूंनी तीस वर्षांची एक इच्छा बोलून दाखवली, आणि निवृत्तीच्या पैशातले पावणेतीन लाख रुपये स्वयंपाकघरात गेले. माघात काम पुरे झाले. आतले सांगाडे प्लायवुडचे, बाहेरची दारे मात्र अस्सल सागाची. काकूंना चकचकीत रंगाचे पत्रे नको होते, लाकडाच्या रेघा दिसायला हव्या होत्या. दारे इतकी सुरेख की पहिले दोन महिने काकू त्यांना कोरड्या हाताने हात लावायच्या. जुलै उजाडला आणि बेसिनच्या खालचे एक दार लागेना. पंधरा दिवसांनी धान्याच्या उंच कपाटाचे दुसरे दार वरच्या कोपऱ्यातून बाहेर आले. दुकानाचा माणूस आला, त्याने बोटाने दार ढकलून पाहिले आणि कलम दाखवले. नैसर्गिक हालचाल. दहा वर्षांची हमी होती, पण या गोष्टीची नव्हती.

काकू हमीपत्र घेऊन माझ्याकडे आल्या. “अगं, तू मराठीची ना? मग याचा अर्थ सांग. इंग्रजी मला कळलं, मराठीच कळलं नाही.”

मला अर्थ लावायला आठवडा लागला. त्यातले जे हाती आले ते इथे मांडते आहे, कारण काकूंसारखी स्वयंपाकघरे आता घरोघर आहेत.

लाकूड हे तोडल्यावरही पाणी पिते आणि पाणी सोडते. झाडातले पाणी वाळून गेले तरी त्याच्या सूक्ष्म पेशींच्या भिंती हवेतला दमटपणा शोषून घेत राहतात. हवा कोरडी झाली की तो परत करतात. पापड पावसाळ्यात मऊ पडतो आणि कडक उन्हात पुन्हा खुसखुशीत होतो, त्यातला प्रकार. वार्निश, पॉलिश, रंग यांनी हा व्यवहार मंदावतो, थांबत नाही. आणि लाकूड सगळीकडून सारखे फुगत नाही, हे यातले मर्म. लांबीत, म्हणजे झाड ज्या दिशेने उभे होते त्या दिशेने, ते जवळजवळ हलतच नाही. रुंदीत हलते. त्यातही खोडाच्या वर्तुळांच्या कडेकडेने जेवढे आटते, त्याच्या निम्म्यानेच गाभ्याकडून सालीकडे. सागाचेच घ्या: पूर्ण ओली फळी कोरडीठाक होईपर्यंत एका दिशेने शंभरात सुमारे सहा भाग आटते आणि दुसऱ्या दिशेने अडीच. एकाच फळीच्या दोन दिशा अशा वेगवेगळ्या चालीने चालल्या की फळी सपाट कशी राहील? ती पन्हळीसारखी बाक धरते. लाकूड मुळातच पिळाचे असेल, किंवा नीट मुरलेले नसेल, तर पिळवटतेही.

यासाठी कपाटापर्यंत जायला नको, पोळपाटच पाहा. वरून धुतला, वरची बाजू वाळली, खालची ओली राहिली. दोन वर्षांत तो किंचित उंचावतो किंवा खोलगट होतो. चार पाय असते तर रोज डुगडुगला असता. जुन्या पोळपाटाला तीन पाय का असतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आणि मला वाटे, सुताराने एका पायाची काटकसर केली. तीन पायांची वस्तू कधीही डुगडुगत नाही, जमीन वाकडी असो की वस्तू वाकडी. लाकूड वाकणार हे गृहीत धरून तो पाय कमी केलेला आहे. ही हुशारी कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, पण रोज सकाळी आपण तिच्यावर पोळ्या लाटतो.

आता थोडा हिशेब. आमच्या ह्यांना आकड्यांची आवड. त्यांनी रविवारची दुपार यात घालवली. मुंबईची हवा जुलै-ऑगस्टात दमट, आर्द्रता सरासरी पंच्याऐंशीच्या आसपास. उन्हाळ्या-हिवाळ्यात ती साठ-सत्तरावर येते, हिवाळ्याच्या दुपारी त्याहूनही खाली. त्याप्रमाणे लाकडातले पाणी वजनाच्या सुमारे अकरा टक्क्यांपासून सतरा टक्क्यांपर्यंत वर-खाली होऊ शकते. सागाची ४५ सेंटीमीटर रुंदीची एकसंध फळी घ्या. या सहा टक्क्यांच्या फरकाने ती जास्तीत जास्त पाच मिलिमीटर रुंदावते. पॉलिश नीट असेल आणि पाऊस मध्ये उघडीप देत असेल तर कमी, पण अंदाज तोच. आणि दोन दारांमध्ये फट किती ठेवलेली होती? काकांच्या पट्टीने, तीन मिलिमीटर.

तेच दार जुन्या पद्धतीने केले तर? म्हणजे भोवती सहा-सहा सेंटीमीटर रुंदीच्या पट्ट्यांची चौकट, तिच्या आतल्या कडेला खाच, आणि खाचेत डिंक न लावता नुसती बसवलेली पातळ फळी. ती फळी खाचेतल्या खाचेत पावसाळ्यात सरकते आणि हिवाळ्यात मागे येते. बाहेरून पाहणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दाराची रुंदी वाढते ती फक्त दोन उभ्या पट्ट्यांच्या वाढीने, आणि ती भरते जेमतेम सव्वा मिलिमीटर. तेच साग, तोच पाऊस, तेच गोरेगाव; एकीकडे पाच, दुसरीकडे सव्वा. लाकडाचे फुगणे निसर्गाचे खरे, पण तीन मिलिमीटरची फट निसर्गाने ठेवलेली नव्हती.

इथे हेही सांगायला हवे की काकूंना ज्या रेघा दाराभर सलग हव्या होत्या, त्या चौकटीच्या दारात मिळाल्या नसत्या. एकसंध फळीचा मोह त्यांचा होता. पण तो मोह पुरवताना समोरच्याने ‘काकू, पावसात हे अडणार’ एवढे म्हणायला हवे होते. त्याऐवजी त्याने ते कलमात म्हटले.

प्लायवुडचे असे होत नाही, कारण त्यात पातळ थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवलेले असतात. एकाला रुंदावायचे असेल तर शेजारचा त्याला धरून ठेवतो. त्यावर भारतीय मानक ७१० चा शिक्का असेल तर तो बहात्तर तासांच्या उकळत्या पाण्याच्या परीक्षेतून गेलेल्या जातीचा समजावा. दुकानात हे ऐकवताना ‘लाकडाला काही होत नाही’ असा सूर लावतात. ती परीक्षा मुख्यतः डिंकाची आहे. थर सुटणार नाहीत, एवढा तिचा अर्थ. आणि भुशाच्या दाबलेल्या फळ्यांची गोष्ट तर अगदीच निराळी. त्यांच्यात पाणी शिरले की त्या जाडीत फुगतात आणि पुन्हा कधीही पूर्वपदावर येत नाहीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्यानंतरच्या आठवड्यात उपनगरांतल्या तळमजल्यांवरून ज्यांनी सामान बाहेर काढले त्यांना हे ठाऊक आहे: आजोबांच्या वेळचा सागाचा पलंग उन्हात वाळवून परत घरात गेला, आणि भुशाच्या फळ्यांचे कपाट हाताने कुस्करता येत होते.

म्हणजे सागाचे फुगणे हा त्याचा दोष नाही; परत येणे हाही त्याचाच गुण आहे. या परत येण्यावर जुने सुतार विसंबून असत. आमच्याकडे राजापूरकडचे एक म्हातारे मिस्त्री येतात. मी त्यांना काकूंचे दार दाखवले. त्यांनी पिशवीतून रंधा काढलाच नाही. म्हणाले, “ताई, पावसात दाराला रंधा मारायचा नाय. आत्ता मारला तर पौषात फट पडंल, झुरळं ये-जा करतील. दिवाळीला बोलवा, तवा लाकूड खरं काय ते सांगेल.” ऑक्टोबरच्या काहिलीत लाकूड आपले पाणी सोडते, जे तेव्हाही अडते तेवढेच खरोखर जास्त आहे. घरोघरची दारे दिवाळीच्या सुमारास तासून घेण्याची जी पद्धत होती, ती केवळ सणाच्या साफसफाईची नव्हती.

परंतु मिस्त्रींच्या या शहाणपणाला हमीपत्राने पेच घातलेला होता, आणि तो पेच उलगडल्याखेरीज ही हकीगत पुरी होत नाही. हमीपत्रात आणखी दोन कलमे होती. एक, दोष दिसल्यापासून तीस दिवसांत लेखी कळवले पाहिजे. दोन, गिऱ्हाइकाने किंवा परक्या कारागिराने दाराला हत्यार लावले की हमी संपली. म्हणजे दिवाळीपर्यंत गप्प बसावे तर मुदत संपते, आणि आत्ताच तासून घ्यावे तर हमी संपते. काका हताश झाले. “मग हमी आहे तरी कशाची?” असे ते दोनदा म्हणाले. बँकेत चाळीस वर्षे इतरांची कागदपत्रे तपासलेल्या माणसाने आपल्या स्वयंपाकघराच्या कागदासमोर असे म्हणावे, याचे मला वाईट वाटले.

या कागदात जी अट मला सर्वांत गमतीची वाटली ती वेगळीच. घरातली आर्द्रता पस्तीस आणि पंचावन्न टक्क्यांच्या दरम्यान राखावी, असे त्यात होते. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला आरेची झाडी, जून ते सप्टेंबर पाऊस, त्यात ओट्यावर कुकर. आणि पंचावन्न टक्के! माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिला फोनवर हे वाचून दाखवले तर ती हसायला लागली, कारण तिच्या कपाटांच्या हमीपत्रात हीच अट, जवळजवळ याच शब्दांत, आहे. तिच्याकडे उलटे होते. बाहेर बर्फ, आत घर तापवणारे यंत्र. हवा इतकी सुकते की जानेवारीत तिच्या मेपलच्या रंगवलेल्या दारांतली आतली फळी आकसते आणि चौकटीच्या कडेने बिनरंगाच्या लाकडाची एक बारीक रेघ दिसू लागते. मेमध्ये रेघ नाहीशी होते. तिकडच्या अनेक हमीपत्रांत पाव इंचापर्यंतचा बाक हा दोष मानत नाहीत, आणि वाकलेले दार बदलण्याआधी एक हिवाळा-उन्हाळा वाट पाहायला सांगतात. तिथल्या हवेत, तिथल्या घरांत ते रास्त आहे. घरात आर्द्रता मोजण्याची आणि राखण्याची यंत्रे तिथे सर्रास असतात. ते कलम आहे तसे उचलून गोरेगावच्या गिऱ्हाइकाला देणे, म्हणजे कोकणातल्या भाताला राजस्थानचे पंचांग देण्यासारखे आहे. आपल्याकडे सल्ला कमी आहे असेही नाही. कोणत्या हवेत कोणत्या कामाला लाकडात किती पाणी चालेल, यासाठी भारतीय मानकाने देशाचे आर्द्रतेप्रमाणे चार विभाग केलेले आहेत. सर्वांत दमट विभागातल्या गिऱ्हाइकाला सर्वांत कोरड्या खोलीची अट घालायची, तर मग दहा वर्षांची हमी पहिल्याच आर्द्रा नक्षत्रात बुडाली असे म्हणावे लागेल.

हमी या शब्दाबद्दलही थोडे बोलते. इंग्रजीतले गॅरंटी आणि वॉरंटी हे सख्खे भाऊ. एकाच जर्मानिक मुळापासून निघालेला शब्द फ्रान्सच्या दोन बोलींतून दोन वाटांनी इंग्रजीत शिरला. आपल्या दुकानदारांनी त्यांची परस्पर वाटणी करून टाकली आहे: गॅरंटी म्हणजे बदलून देणार, वॉरंटी म्हणजे दुरुस्त करून देणार. कायद्यात अशी वाटणी नाही. १८७२ च्या करार कायद्यातली गॅरंटी म्हणजे तिसऱ्याने राहिलेला जामीन. तीत ऋणको, धनको आणि जामीनदार अशी तीन माणसे लागतात. आणि १९३० च्या मालविक्री कायद्यात ‘शर्त’ आणि ‘वॉरंटी’ असे दोन भेद आहेत. शर्त मोडली तर माल नाकारता येतो; वॉरंटी ही मुख्य व्यवहाराला जोडून आलेली गोष्ट, ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल परत करता येत नाही. मराठीत आपण दोन्हींना हमी म्हणतो आणि निर्धास्त होतो.

त्याच १९३० च्या कायद्याचे सोळावे कलम काकूंच्या कामाचे निघाले. वस्तू कशासाठी हवी हे गिऱ्हाइकाने विक्रेत्याला कळवले असेल, त्याच्या जाणकारीवर विसंबून ती घेतली असेल, आणि तसला माल विकणे हा त्याचा धंदाच असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असली पाहिजे, ही शर्त कागदावर नसली तरी गृहीत धरतात. काकूंचे स्वयंपाकघर मोजायला दुकानाचा माणूस दोनदा येऊन गेला होता. बेसिन कुठे आहे, खिडकी कुठल्या दिशेला आहे, हे त्याने लिहून नेले होते. गोरेगावात पाऊस पडतो हे आपल्याला सांगितले नव्हते, असे त्याला म्हणता येईल का? त्या कायद्यात स्पष्ट कराराने अशा शर्ती बाजूला ठेवण्याची सोय आहे, आणि बारीक अक्षरे त्याचसाठी असतात. म्हणून नव्या कायद्याकडे वळावे लागते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात ‘अन्याय्य करार’ ही नवी संकल्पना आली. अशी तक्रार राज्य आयोगाकडे जाते. नुसता सदोष माल किंवा सेवेतली कसूर असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे आपल्या उपनगरांना वांद्र्याचा. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लागतोच असे नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत. त्याआधी १९१५ या क्रमांकावर सरकारी मदतकेंद्राला कळवता येते. मुंबई ग्राहक पंचायतीचे काम तर १९७५ पासून चालू आहे. तिचे वाटप ज्यांच्या घरी येते त्यांना ती कुठे आहे हे मी सांगायला नको. आणि आपण तर मृणालताई गोऱ्यांच्या गोरेगावचे. १९७२ पासून महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यात ताई आघाडीवर होत्या. त्या मानाने दाराच्या फटीसाठी पत्र लिहिणे हे फारच बैठे काम.

दुकानाची बाजू खोटी होती असे मात्र मी म्हणणार नाही. लाकूड हलणार नाही अशी हमी कुणीही देऊ नये; जो देतो त्याच्यापासून दूर राहावे. प्रत्येक आषाढात अडलेले प्रत्येक दार बदलून द्यायचे म्हटले, तर नवे दार कार्तिकात सैल पडेल आणि दुकान दोन वर्षांत बंद होईल. प्रश्न एवढाच की कोणते दार फुगले आहे आणि कोणते बिघडले आहे. ते जुलैत कुणालाच सांगता येत नव्हते, दुकानाच्या माणसालाही नाही. त्याने बोटाने ढकलून ते ठरवून टाकले, ही त्याची चूक.

मग आम्ही असे केले. काकांनी तीस दिवसांच्या आत पत्र लिहिले, ईमेलने आणि रजिस्टर पोस्टानेही. त्यात तक्रारीचा सूर नव्हता, आकडे होते. प्रत्येक दाराची रुंदी वर, मध्ये आणि खाली किती; फट तिन्ही ठिकाणी किती; पट्टी शेजारी धरून काढलेली छायाचित्रे. पीळ मोजायला मिस्त्रींनी एक सोपी युक्ती सांगितली: दाराच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांवर दोन दोरे ताणून फुलीसारखे बांधायचे. मध्यभागी दोरे एकमेकांना टेकले तर दार सपाट. मध्ये अंतर राहिले तर पीळ आहे. पत्राच्या शेवटी दोन वाक्ये. आम्ही दाराला हत्यार लावलेले नाही. पाऊस सरल्यावर हीच मापे पुन्हा घेऊ. तेव्हा आपला माणूस हजर राहावा.

लक्ष्मीपूजनाच्या चार दिवस आधी मापे झाली. दुकानाचा माणूस आला नाही. तो बिजागऱ्यांच्या कामात अडकला होता म्हणे. बेसिनखालचे दार साडेचार मिलिमीटरने आटले होते आणि मुकाट्याने लागत होते. ते फुगलेले होते. उंच दाराची रुंदीही आटली, परंतु वरचा कोपरा आठ मिलिमीटर बाहेर तो तसाच, आणि दोऱ्यांमध्ये बोट जाईल एवढे अंतर. दुसरे पत्र गेले, मग तिसरे. तिसऱ्यात २०१९ च्या कायद्याचा उल्लेख होता आणि दोन्ही वेळची मापे शेजारी-शेजारी मांडलेली होती. पौषात दुकानाने उंच दार बदलून दिले. काकूंनी ते चौकटीचे मागून घेतले आणि रेघांचा मोह सोडला. पॉलिशचे पैसे कुणी द्यायचे यावर थोडी घासाघीस झाली. ते अर्धे-अर्धे झाले. बेसिनखालच्या दाराला दुकानाने हात लावला नाही, आणि माझ्या मते ते बरोबर होते. यंदाच्या श्रावणात ते पुन्हा अडले. काकूंनी तिथली भांडी तेवढी पावसाळ्यापुरती दुसरीकडे हलवली.

ज्यांची स्वयंपाकघरे अजून व्हायची आहेत, आणि दिवाळीनंतर लगीनसराईपूर्वी कामाला हात घालायचा आहे, त्यांनी काय विचारावे, हे मला बरेच जण विचारतात. मी सुतार नाही, तरी काकूंच्या वहीतून सांगते. दार एकसंध फळीचे की चौकटीचे, आणि चौकटीचे असेल तर आतली फळी सुटी आहे की डिंकाने चिकटवलेली. डिंकाने चिकटवलेली फळी हिवाळ्यात आकसायला वाव नसल्याने तडकते, आणि तो तडाही मग ‘हालचाल’ ठरतो. दोन दारांत फट किती, हे विचारावे; एकसंध सागाला दोन-तीन मिलिमीटर सांगितली तर उठून यावे. लाकडातले पाणी मोजण्याचे छोटे यंत्र चांगल्या कारखान्यात असतेच. आपल्यासमोर टेकवून आकडा दाखवायला सांगावे आणि तो बिलावर लिहून घ्यावा. हमीपत्र आगाऊ रक्कम देण्याआधी मागावे, नंतर नव्हे. त्यात आर्द्रतेची अट असेल तर ती खोडून तिथे सही घ्यावी. आणि नैसर्गिक हालचालीचे कलम असेल, ते असणारच, तर त्याच्याखाली हाताने मराठीत एवढेच लिहून मागावे: पावसात फुगलेले दार दिवाळीपर्यंत पूर्ववत न झाल्यास बदलून देऊ. आमच्या ओळखीच्या दोघांनी असे लिहून मागितले. एका दुकानदाराने सही केली. दुसरा म्हणाला, मालक बाहेरगावी आहेत. त्याच्याकडे ते पुन्हा गेले नाहीत.